गणपतीत न चुकता बघायचा आपला पिक्चर कुठला?

माडाखालची
नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे पुण्याचं एक कुटुंब चार दिवस राहायला होतं. (तारकर्लीच्या अलीकडे आमच्या न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या आहेत.) दोन मुलं, एक आठ वर्षांचं आणि एक अकरा. दिवसभर समुद्रात डुंबून आली, सुरमई चापली आणि पडवीत टीव्हीवर होम अलोन लावून बसली. त्यांची आई म्हणाली, दर नाताळात बघतात, तोंडपाठ आहे, तरी बघतात. १९९० चा सिनेमा. म्हणजे आई स्वतः लहान असताना आलेला.

मी स्वैपाकघरातून येता-जाता बघत होते. सासूबाई मात्र ठाण मांडून बसल्या. भाषा कळत नव्हती, पण जिन्यावरून रंगाचा डबा झुलत येऊन चोराच्या तोंडावर आदळतो तिथे इतक्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली. सिनेमा संपल्यावर धाकट्याने विचारलं, "आजी, तुमचा गणपतीचा पिक्चर कुठला?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. ह्यांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

तर सांगा. दिवाळीचा, गणपतीचा, शिमग्याचा असा दर वर्षी न चुकता घरात लागतो तो सिनेमा तुमच्याकडे आहे का? आणि जाता जाता अलीकडे काय पाहिलंत तेही लिहा. मी वर्षभरात दशावतार आणि कांताराचा नवा भाग थेटरात पाहिला, घरत गणपती उशिरा का होईना घरी पाहिला. तिन्ही आवडले, कांतारा थोडा कमी. शेवटचा अर्धा तास कानात कापूस घालावासा वाटला.

तिरफळ
अशी ही बनवाबनवी. धागा बंद करा.

कुळीथपिठी
+१. पण तो गणपतीचा कुठे? तो बारमाही आहे. आमच्याकडे पंखा लावावा तसा लागतो, कोणी बघत नसतं आणि बंद केला की सगळे ओरडतात.

तिरफळ
१९८८ च्या सप्टेंबरात आलेला आहे. सप्टेंबर म्हणजे गणपतीचे दिवस. माझी केस मजबूत आहे.

चाकरमानी_डोंबिवली
घरत गणपती हे नाव वाचून मी शुद्धलेखनाची चूक समजलो होतो. "घरात" लिहायचं राहिलं म्हणून पोस्टरवाल्याला शिव्याही घातल्या. सहा महिन्यांनी बायकोने सांगितलं की घरत हे त्या कुटुंबाचं आडनाव आहे. मग पाहिला. कोकणातलं मोठं घर, गणपतीला जमलेलं गोतावळं, त्यात मुलगा आपली अमराठी मैत्रीण घेऊन येतो. अश्विनी भावे आणि अजिंक्य देव दोघंही छान. दिग्दर्शक नवज्योत बांदिवडेकर यांचा पहिलाच सिनेमा आणि २०२४ च्या इफ्फी चित्रपट महोत्सवात पदार्पणाचं पारितोषिक मिळालेला. माडाखालची, तुमच्या पाहुण्याला हेच उत्तर द्या की!

एकच तक्रार. सिनेमा आला जुलैअखेर. गणपतीपर्यंत आमच्या इकडच्या थेटरातून गेलासुद्धा.

कुळीथपिठी
दशावतारची गंमत तर त्याच्या उलट. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, आणि सिनेमा लागला १२ सप्टेंबरला. चाकरमानी भरल्या गाड्यांनी मुंबईला पोचले आणि मग कोकणावरचा सिनेमा आला. गावात असताना लावला असता तर आठ दिवस हाऊसफुल्ल.

चाकरमानी_डोंबिवली
उलट बरोबर केलं त्यांनी. आम्ही गावाहून आलो की पंधरा दिवस तसेही रडवेले असतो. त्याच आठवड्यात तिकीट काढून रडलो.

सड्यावरचा
काय मेल्यानु गजाली मारतास. गणपतीत पिक्चर बघूक वेळ खय गावता? सकाळी पूजा, दुपारी जेवणाच्या पंगती, सांजेक आरत्यो, रातीक भजना. आमच्या वाडीत बत्तीस घरां. प्रत्येक घरात आरती म्हणता म्हणता दीड वाजता. वर उसळ-पाव. दुसऱ्या दिवशी परत तांच.

(प्रमाण मराठीत: नाताळचा पिक्चर बर्फात अडकलेल्या माणसांसाठी आहे. दार लावून, शेगडी पेटवून, चौघं जण बसलेत. आपल्याकडे गणपतीत दार लागतच नाही. अनोळखी माणूससुद्धा आत येऊन पाया पडून मोदक खाऊन जातो. सिनेमाला दोन तास अंधार आणि शांतता लागते. गणपतीत ती आणणार कुठून?)

माडाखालची
सड्यावरचा, हे मला अजिबात सुचलं नव्हतं. पटलंच.

पेटारा
पण जागरण विसरलात का सगळे? विसर्जनाच्या आदल्या रात्री झोपायचं नसायचं. आमच्या लहानपणी त्या रात्री भाड्याने व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही यायचा. वर्गणी दोन रुपये. रिक्षातून टीव्ही मांडीवर घेऊन आणायचा मान ज्याला मिळायचा तो वर्षभर ते सांगायचा. तीन कॅसेट. पहिली देवाची, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरी विनोदी. तिसरी मारामारीची, तोपर्यंत म्हातारी माणसं झोपलेली असत. तिसरीच्या मध्यावर वीज जायची. मी कितीतरी सिनेमांचा शेवट आजपर्यंत पाहिलेला नाही.

तिरफळ
देवाच्या कॅसेटला आमच्याकडे "पावती" म्हणत. ती दाखवली की बाकीच्या दोन माफ.

आगरी_नाखवा
माझं मत व्हेंटिलेटरला. २०१६ चा, राजेश मापुस्करांचा. गणपती तोंडावर आणि काका व्हेंटिलेटरवर. अख्खं खानदान हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. ह्याहून गणपतीचा सिनेमा कुठला?

कुळीथपिठी
तो हॉस्पिटलचा सिनेमा आहे. आला होता नोव्हेंबरात.

आगरी_नाखवा
डाय हार्ड नाताळचा की नाही यावर गोरे लोक तीस वर्षं भांडतायत. नाताळच्या पार्टीत घडतो, पण लागला होता १९८८ च्या जुलैत. महिन्यावर जाऊ नका. गणपती नसता तर व्हेंटिलेटरच्या नातेवाइकांना एवढी घाई असती का, हा प्रश्न विचारा.

आणि हे खोटं नाही. आमच्याकडे एका वर्षी चतुर्थीच्या चार दिवस आधी मोठे चुलते अत्यवस्थ झाले. घरात मूर्ती सांगून ठेवलेली, पाट रंगवून ठेवलेला. कोणी उघड बोलत नव्हतं, पण प्रत्येक जण मनात सुतकाचे दिवस मोजत होता. आत्या दर तासाला फोन करायची, "कसे आहेत?" आणि त्या विचारण्यात काळजी किती आणि पंचांग किती ते सगळ्यांना कळायचं. चुलत्यांनासुद्धा. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले, "आणा तुमचा गणपती, मी थांबलोय." पुढे सहा वर्षं थांबले.

तो सिनेमा पाहताना मी हसत होतो आणि शेजारी आत्या गप्प बसली होती.

माडाखालची
नाखवा, तुमचे चुलते भारीच.

तिरफळ
मग सत्यासुद्धा गणपतीचा सिनेमा. चौपाटीवर, विसर्जनाच्या गर्दीत, भाऊचा...

चाकरमानी_डोंबिवली
स्पॉइलर!

तिरफळ
१९९८ चा आहे हो. कोकण रेल्वे पूर्ण झाली त्याच वर्षीचा. आता स्पॉइलर कसला.

खाडीपल्याड
उशिरा आलो. दोन गोष्टी.

एक, वर सगळे दशावतारच्या भाषेचं कौतुक करणार हे दिसतंच आहे, म्हणून आधीच सांगतो. कोकण म्हणजे फक्त मालवणी नव्हे. मी संगमेश्वरचा. आमची बोली वेगळी, दापोली-मंडणगडकडची वेगळी, रायगडात आगरी वेगळी. वस्त्रहरणने मालवणी रंगभूमीवर आणली, उत्तम केलं, गवाणकर आणि मच्छिंद्र कांबळींना दंडवत. पण तेव्हापासून सिनेमात कोकणातला कुठलाही माणूस असो, "खय गेल्लंस" म्हणूनच बोलतो. उद्या पनवेलचा माणूससुद्धा मालवणी बोलेल.

दोन, छावा. थेटरात संगमेश्वर आलं तेव्हा आमच्या रांगेतला एकही माणूस हलला नाही. कसब्याच्या वाटेवरून आम्ही रोज जातो. शास्त्री आणि सोनवीचा संगम, कर्णेश्वराचं देऊळ, सगळं ओळखीचं. १६८९ च्या फेब्रुवारीत तिथे काय झालं ते शाळेत दर वर्षी ऐकलेलं. पडद्यावर जे दिसलं त्यात आमचं गाव मला ओळखता आलं नाही, पण ते चालतं. थेटरातून बाहेर पडून गाडी काढली आणि घरी न जाता आधी संगमावर जाऊन उभा राहिलो. रात्रीचे साडेबारा. तिथे आधीच दोन मोटारसायकली उभ्या होत्या. कोणी कोणाशी बोललं नाही.

आगरी_नाखवा
भाषेबद्दल शंभर टक्के सहमत. आगरी माणूस सिनेमात आला की एकतर सोनं घालून नाचतो किंवा जमीन विकतो. आमच्यात डॉक्टर पण आहेत. तेसुद्धा सोनं घालून नाचतात ती गोष्ट वेगळी.

पेटारा
दशावतारबद्दल मला थोडं लिहायचंय. माझे मामा तीस वर्षं दशावतारात होते, स्त्रीपार्टी. म्हणून सिनेमाला जरा दबकतच गेलो.

प्रभावळकरांबद्दल काय बोलणार! एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस तो भार अंगावर घेतो. डोळे अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री तोंडाला रंग लावतो ते पाहताना मला मामा दिसला. त्याचा नेम असा: रात्री दहा वाजता देवळामागच्या पडवीत गोणपाटावर बसायचा. एक बल्ब, एक तडा गेलेला आरसा. आधी गुळगुळीत दाढी, मग तोंडाला रंग, मग भुवया. भुवयांपर्यंत तो आमच्याशी गावातल्या गोष्टी बोलायचा. साडीची गाठ मारली की बोलणं बंद. त्यानंतर त्याला मामा म्हटलेलं चालायचं नाही. एकदा मी पाणी द्यायला गेलो आणि "मामा" म्हणालो, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की तांब्या ठेवून पळालो.

सिनेमात हे थोडं तरी आलंय. पण खाणीचा विषय सुरू झाल्यावर दुष्टांची टोळी जरा नेहमीच्या साच्यातली वाटली. आणि अजून एक. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान हे ठरतं, बाकी वाद-संवाद उभ्या उभ्या. दोन जुने नट एकमेकांना शब्दांत अडकवायला लागले की पहाटेचे चार कधी वाजले कळत नाही. पायपेटीवालासुद्धा वाजवायचं विसरून ऐकत बसतो. ही गंमत कुठल्याच सिनेमात पकडता येणार नाही, कारण सिनेमाची संहिता आधी लिहावी लागते.

कुळीथपिठी
फार सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली. मामा आहेत का अजून?

पेटारा
आहेत. दशावतार सिनेमा त्यांनाही दाखवला. मध्यंतरात म्हणाले, "साडी चुकीची नेसलाहा." कोण, ते मी विचारलं नाही.

सोलकढी_कमी_तिखट
दशावतारला "मराठीचा कांतारा" म्हणणाऱ्यांना एक दिवस कार्तिकातल्या जत्रेला रात्रभर बसवा. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात त्या मे महिन्यापर्यंत चालतात. आपल्याकडे शतकानुशतकं चालत आलेली गोष्ट, आणि तिला उपमा तीन वर्षांपूर्वीच्या सिनेमाची!

माडाखालची
मान्य, पण कांतारामुळेच लोकांना वाटलं ना, की आपल्या देवळातलं पण पडद्यावर येऊ शकतं? माझा मुलगा कांतारा बघून आला आणि पहिल्यांदा स्वतःहून दहिकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराला, थांबला. मी कारण विचारत बसले नाही.

चाकरमानी_डोंबिवली
भुतांचा विषय कोणी काढला नाही अजून, हा धागा खरंच कोकणातला आहे का?

मुंज्या आम्ही २०२४ च्या जूनमध्ये पाहिला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शक, म्हणजे नारबाची वाडीवाले. मुलं हसली, मी हसलो, आई अजिबात हसली नाही. मुंजीनंतर सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो, हे तिने तिच्या आजीकडून संध्याकाळच्या वेळी ऐकलेलं. ती म्हणाली, असल्या गोष्टींची कार्टुनं करू नयेत. आजीच्या कामात सुहास जोशी मात्र तिला आवडल्या.

सड्यावरचा
मुंज्या आम्ही खळ्यात पाहिलेला. पुतण्याने प्रोजेक्टर आणला होता मुंबईहून. दोन माडांमध्ये पांढरी चादर ताणली. वारा आला की नायिका पोटुशी दिसायची. वीस मिनिटांनी नेट गेलं. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, म्हणून एक पोरगा तिथे मोबाईल उंच धरून उभा केला. त्याला सिनेमा दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता, त्यामुळे सगळ्यात जास्त तोच घाबरला.

खरी मजा पुढे. दिव्याला पाखरं जमली, ती खायला पाल आली, ती थेट प्रोजेक्टरच्या काचेवर चढली. चादरीवर मगरीएवढी सावली. नेमका पिंपळाचा प्रसंग चालू. काकी उठून ओरडली, "रामा रामा", आणि चार बायका घरात गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तसा परिणाम थेटरात शक्य नाही.

तिरफळ
पालीला सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक द्या.

खाडीपल्याड
तुंबाड विसरू नका. २०१८ चा, पण पुन्हा लागला १३ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे ऐन गणपतीत. तुंबाड हे खरं गाव, आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच, खेड तालुक्यात. श्री. ना. पेंडशांमुळे मराठी वाचकांना नाव आधीपासून ठाऊक. मी पहिल्यांदा चुकवला होता, म्हणून ह्या वेळी गेलो. तो पाऊस बघून वाटलं, हा माणूस पावसाळ्यात भिजलाय, नुसते फवारे मारलेले नाहीत.

सिनेमात हस्तरला कणकेच्या बाहुल्या देतात ते आठवतंय ना? रात्री घरी आलो, स्वैपाकघरात दिवा, आई पाठमोरी बसून परातीत उकड मळत होती. दुसऱ्या दिवशी गौरीकडचे पाहुणे जेवायला होते. मी दोन मिनिटं दारातच उभा. आई वळून म्हणाली, "भूक लागली का?" मी नाही म्हणालो.

कुळीथपिठी
खिक्. म्हणजे तुंबाड हाच आपला गणपतीचा पिक्चर, सिद्ध झालं.

भुताशिवाय कोकण दाखवणारा सिनेमा म्हणून मी किल्ला सुचवेन. बदली होऊन आलेली आई, वडील गेलेला मुलगा, गुहागरचा पाऊस. मित्र त्याला किल्ल्यावर सोडून निघून जातात तो प्रसंग. मी बदलीवाल्या आईची मुलगी आहे. तीन शाळा, तिन्ही कोकणात. नव्या गावात पहिली ओळख कायम अशाच कुठल्या तरी बंड्याशी होते, आणि तो आधी फसवतो, मग जन्मभराचा मित्र होतो. अमृता सुभाष ऑफिसातून येऊन छत्री मिटते, त्या मिटण्यात आमची आई होती. बाकी 'एप्रिल मे ९९' हा सिनेमा मेच्या सुट्टीसाठी ठीक, मुलांना दाखवा. श्वास एकट्याने बघा.

सोलकढी_कमी_तिखट
अवांतर: टीव्हीवरच्या दिवाळी विशेष भागांबद्दल कोणीच बोललं नाही. सगळ्या मालिकांतल्या सगळ्या सुना एका बंगल्यात जमतात, नऊवारी, नथ, आणि ताटात कधीही न मोडलेली चकली. नरकचतुर्दशीला तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडताना मी तरी एकाही विशेष भागात पाहिलं नाही. त्या दिवसाला आम्ही चावदिवस म्हणतो, त्याचे पोहे तर सोडाच. आमच्याकडे गूळपोहे, दहीपोहे, काळ्या वाटाण्याची उसळ असते. मालिकेत थेट लाडू. इतका कडू दिवस इतका गोड कसा होतो!

तिरफळ
कारीट फोडलं तर सेटवरच्या गालिच्याला डाग पडेल ना.

चाकरमानी_डोंबिवली
थेटरांबद्दल एक. गावाकडे असताना तालुक्याला एक मराठी सिनेमा बघायला गेलो होतो. नाव नको. आम्ही आठ जण. खिडकीवरचा म्हणाला, दहा झाले तर लावतो. शेवटी बाहेरच्या दोन रिक्षावाल्यांची तिकिटं मीच काढली. मध्यंतरात एकाला भाडं आलं, तो उठून गेला. मी दाराकडे बघत बसलो, नऊ झाल्यावर बंद करतात की काय. दुसरा शेवटपर्यंत बसला आणि निघताना म्हणाला, "बरो होतो. उद्या पण येतास?"

पेटारा
म्हणून आमच्याकडची पोरं सरळ गोव्यात जातात पिक्चरला. येता-जाता तीन तास आणि पेट्रोल वेगळं.

आगरी_नाखवा
मूळ प्रश्नाचं काय झालं? तो पोरगा अजून उत्तराची वाट बघत असेल.

माडाखालची
त्याच्या आईचा परवा मेसेज आला. मुलांना गणपतीत यायचंय, खोली आहे का. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला. मी कळवलं की गणपतीत आमच्या खोल्या बंद असतात, दोन्हीत मुंबईचे दीर-जावा असतात. त्यावर तिने लिहिलं, पडवीत झोपू. सासूबाई म्हणाल्या, येऊ देत, फुगडीला माणूस कमीच पडतं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं एवढं सांगून ठेवलंय, बाकी त्यांचं नशीब.

जागरणाच्या रात्री चादर लावायचं ठरतंय. सासूबाईंना बनवाबनवी हवाय, मुलाला तुंबाड, ह्यांना झोप. पावती म्हणून घरत गणपती आधी लावू. सड्यावरचा, तुमच्या पुतण्याने प्रोजेक्टर कितीला घेतला?

सड्यावरचा
इचारून सांगतंय. पाल फुकट असा.